गाठ न मारायचा दोर

गजाननच्या धाकट्या भावाचा 'दादा गेला' म्हणून फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "कोणत्या नदीत?" पलीकडून तो म्हणाला, "नदीत न्हाई भाऊ. दादा काविळीनं गेला." महिना झाला, तरी मला ते पटत नाही. खळाळत्या पाण्यातून इतकी वर्षं सुखरूप आलेला माणूस घरच्या खाटेवर जावा?

आम्ही दोघं पुसेगावच्या एकाच विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. पुढं मी वसमतला मास्तर झालो आणि तो गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचं सोडून थेट हिमालयात गेला, पर्यटकांच्या राफ्ट, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्या, चालवायला. एका उन्हाळ्यात त्यानं मलाही बोलावलं. पहिल्याच संध्याकाळी बुडत्याला फेकायचा ओला दोर माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाळला की पिशवीत भर." मी शेतकऱ्याचं पोरगं. बैलाचा कासरा खुंटीला टांगतात तसा नीट वेढा केला, मधोमध गाठ मारली, दोर पिशवीत घातला आणि टोक तेवढं बाहेर ठेवलं. हा दोर पिशवीत मूठमूठ सुटा कोंबायचा असतो, म्हणजे फेकताक्षणी उलगडतो, हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही, शहाणा ना!

दुसऱ्या दिवशी राफ्ट खडकावर आपटून तिरपी झाली आणि मागं वल्हं मारणारा गजानन पाण्यात गेला. पिशवी माझ्या पायाशी होती. "फेक!" तो ओरडला. टोक धरून मी सगळा जीव लावून फेकली... दोर उलगडलाच नाही. पिशवी माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावरच पडली. पुढं दोन दगडांमधून पाणी कोसळत होतं. गजानन उताणा झाला, पाय पुढं केले आणि फेसात दिसेनासा झाला. मी मोठ्यानं आकडे मोजू लागलो, का ते ठाऊक नाही. एकोणीसला त्याचं लाल हेल्मेट खालच्या काठाशी वर आलं.

काठावर राफ्टच्या मालकानं पिशवी उलटी केली. "किसने भरा?" मी तोंड उघडायच्या आत गजानन खोकत खोकत म्हणाला, "मैंने." आठ दिवस त्याचं काम बंद झालं. मला तो एवढंच बोलला, "मास्तर, हे बैल न्हाई, पाणी हाय." मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या सामानातला फेकायचा दोर खुंटीला होता, घरच्यांनी धुऊन, वेढा करून मधोमध गाठ मारलेला. मी काढून गाठ सोडू लागलो.

"काहून सोडून राहिले भाऊ?" गजाननच्या बायकोनं, वहिनींनी विचारलं. गाठ मारली की हा दोर फेकल्यावर उलगडत नाही, असं मी सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "व्हय, त्यायनी बी एकडाव अशीच गाठ मारली व्हती म्हने. हप्ताभर कामावरून बसवलं त्यायला."

म्हणजे घरीही त्यानं तेच सांगितलं होतं...

"वहिनी, ती गाठ म्या मारली होती."

त्यांनी उठून फळीवरची दोराची पिशवी आणली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून माझ्यापुढं धरलं.

"भरा," त्या म्हणाल्या. मी मूठमूठ दोर कोंबू लागलो.