बेटावर नेलेली मसाल्याची बरणी

अंदमानातल्या एका लहानशा बेटावर आम्ही दोघं निव्वळ खायला गेलेलो. बायकोची अट एकच होती: चार दिवस ती गॅसकडे फिरकणारसुद्धा नाही. मी ताबडतोब कबूल झालो आणि कपड्यांच्या घडीखाली आईच्या मसाल्याची बरणी दडवली. शेवटी आम्ही ठाण्याच्या कोपरीचे आगरी, घरच्या मसाल्याशिवाय घास उतरत नाही.

पहिल्याच दुपारी होमस्टेच्या मावशींनी नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण वाढलं. सुरेख होतं. तेवढं सांगून थांबावं की नाही? मी बरणी काढली आणि माझ्या ठाण्याच्या हिंदीत त्यांना ऐकवलं, की आमच्याकडचं कालवण खाल तर हे विसराल.

संध्याकाळी मावशींनी साफ केलेली सुरमई आमच्यासमोर आणून ठेवली. "तो आज आप ही खिलाइए."

मावशी माझ्या बायकोकडे बघत होत्या. मीही तिच्याकडेच बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती वाळूत पाय पसरून म्हणाली. "मी सुट्टीवर आहे. हे करतील."

मला चहासुद्धा धड जमत नाही. आईला फोन लावला. "आधी गॅस बारीक कर रे," ती म्हणाली, "मग चिंचेचा कोळ..." आणि रेंज गेली. किती ते कळलंच नाही, मी कोळाची अख्खी वाटी ओतली.

मावशी एक घास खाऊन नारळाचं दूध आणायला उठल्या. बायकोने मात्र ताट चाटूनपुसून साफ केलं.

"जमलंय का?" मी हळूच विचारलं.

"आंबटढाण झालंय," ती म्हणाली. "पण आयतं आहे. उद्या नाश्त्याला काय करताय?"