यादीत दिसलेलं नाव

केस पिकले तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. कारखान्यांतले जुने संगणक चालू ठेवणं हा त्याचा धंदा. यंत्र कधीच भंगारात गेलेलं असे, पण त्यावरचा प्रोग्रॅम मालकाला हवाच असे. मग धाकटा नव्या संगणकात एम्युलेटर बसवायचा. म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग. जुना प्रोग्रॅम त्याला फसतो आणि मुकाट कामाला लागतो. "लोकांना फसवता येत नाही, म्हणून यंत्रांना फसवतोस," असं थोरला भाऊ म्हणायचा.

हे थोरल्याला आवाज होता तेव्हाचं. घशाच्या ऑपरेशनमध्ये तो आवाज गेला. दादा दुसऱ्या गावी राहायचा. फोन लावला की तो पाटीवर लिहायचा आणि वहिनी वाचून दाखवायच्या. त्यांच्या मऊ आवाजात दादाचे टोमणे अगदीच बोथट होऊन यायचे. धाकट्याला ते ऐकवत नसे.

फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दादानं लिहिलं, 'एकदा जहाजं खेळू.'

तरुणपणी दुरुस्तीच्या दुकानात दोन संगणक तारेनं जोडून दोघं जहाजांच्या लढाईचा खेळ खेळत. त्यात बोलावं लागत नसे.

"मी येतो ना तिकडे," धाकटा म्हणाला.

"हे म्हणताहेत, नको," वहिनींनी वाचलं. "समोर बसलास तर माझं तोंड बघून मुद्दाम हरशील."

अडचण खेळाचीच होती. तो जोडीदाराचा पत्ता विचारत नाही. सुरू झाला की आपल्या नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाळी देतो, मी आहे. ज्याला ती ऐकू येते, त्याच्या पडद्यावरच्या यादीत हाळी देणाऱ्याचं नाव उमटतं. पण ही हाळी घरापुरतीच. राउटर तिला उंबरठा ओलांडू देत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर साऱ्या जगाचा गलका घरोघरी शिरेल.

धाकट्यानं दोन्हीकडच्या एम्युलेटरांत एकेक निरोप्या, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, बसवला. इकडच्या खेळानं हाळी दिली की इकडचा निरोप्या ती झेलून दादाच्या घरी पाठवणार. तिथला निरोप्या तिच्यावरचा पत्ता बदलून, तिथल्या नेटवर्कवर ती पुन्हा मोठ्यानं देणार. दादाच्या खेळाला वाटावं, हाक याच घरातून आली. तिकडून इकडेही तसंच. दोन्हीकडे दादाच्याच जुन्या डिस्कची नक्कल टाकली होती, त्यामुळे दोन्ही खेळाडूंचं नाव 'दादा' असंच होतं. "माझं नाव बदलतो," असं धाकटा म्हणाला, तेव्हा उत्तर आलं, 'राहू दे. तुलाही जरा मान मिळेल.'

रविवारी संध्याकाळी खेळायचं ठरलं. सकाळीच वहिनींचा फोन आला, रात्र बरी गेली नाही. धाकट्यानं कारखान्यातलं काम उरकलं, घरी येऊन पिशवी भरली. बसला अवकाश होता, म्हणून सहज खेळ लावून पाहिला. यादीत नाव होतं, दादा.

त्याला एकदम हलकं वाटलं. यंत्रापुढे बसलाय म्हणजे ठीक आहे. त्यानं पिशवी खाली ठेवली. डाव दादानंच सुरू करायचा, ही जुनी रीत. धाकटा वाट बघत राहिला. दमला असेल. नाहीतर ताटकळत ठेवायची जुनी खोड. बसची वेळ टळून गेली.

अंधारून येताना फोन वाजला. "भाऊजी, दुपारी गेले हो. दवाखान्यात नेताना तुम्हाला फोन करायचंही सुचलं नाही मला."

सगळं आटोपल्यावर एका सकाळी तो दादाच्या खुर्चीत बसला आणि खेळ लावला. यादीत नाव उमटलं. त्याच्या स्वतःच्या घराला तर कुलूप होतं. एम्युलेटर आणि निरोप्या तेवढे तिथे चालू होते, खेळ बंद होता.

मग त्याला कळलं. पलीकडचा निरोप्या हाळी मोठ्यानं देत होता, तीच स्वतः ऐकत होता आणि नवी समजून परत पाठवत होता. पत्ता बदललेला असल्यामुळे खेळाला आपलीच हाक परकी वाटत होती. आपण दिलेली हाळी आपण उचलायची नाही, एवढं निरोप्याला सांगायचं राहिलं होतं. त्या दुपारी तो स्वतःलाच बघत बसला होता.

वहिनी दारात उभ्या होत्या. "भाऊजी, त्या दिवशी तुम्हाला फोन केल्यावर ह्यांनी खेळ लावून घेतला. नाव दिसलं तेव्हा माझा हात धरून दाखवलं. लिहिलं, 'आला बघ.' दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत बघत बसले होते. किती दिवसांनी चेहरा असा निवांत दिसला. तुम्हीच होतात ना?"

त्या वेळी तो कारखान्यात होता.

"हो वहिनी," धाकटा म्हणाला. "मीच होतो."

"मग खेळला का नाहीत?"

"तो सुरू करेल म्हणून थांबलो होतो."