टाळू भरली तेव्हा

कोमट तेलाचा वास आला की मला बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण आणि तिचं तान्हं बाळ आठवतं. आमच्या केजकडं बाळाच्या टाळूवर रोज तेल जिरवतात. टाळू भरली की बाळानं अंग धरलं, असं मानतात. बाळाला जुलाब आणि ताप होता, तरी त्या सकाळी टाळू टम्म वर आलेली पाहून आई हरखली. "बग गं, कशी भरली!" बहीण रडकुंडीला आली होती. "भरली कशाची आई, पोरगं दूध वढंना." जीप करून आम्ही अंबाजोगाई गाठली. डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं आणि सांगितलं, साल्मोनेला नावाचा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलाय, टाळू त्या सुजेनं फुगलीय. बाळ धोक्याबाहेर येईपर्यंत आई दोन्ही हात पदराखाली लपवून वॉर्डाबाहेर बसून राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "बाई, माज्या तेलानं झालं का वो?" "नाही मावशी. हा जंतू बहुतेक घाण पाण्यातून आला." आई तिथंच ढसाढसा रडली. तिची त्या दिवशी सुटका झाली. आमच्या गावाला गटार मिसळलेलं पाणी पाजणाऱ्यांना मात्र मी अजून सोडलेलं नाही.