टेबलावरचा तळहात

चौगुले सर तक्रार सांगताना डावा तळहात माझ्या टेबलावर सपाट टेकवून बसत. कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या मजसारख्या अर्जलेखकाच्या टेबलास कोणी असा हात लावलेला मला खपत नाही. परंतु सर गडमुडशिंगीहून येणारे, भूमितीचे जुने शिक्षक; आणि माझे स्वतःचे शिक्षण भूमितीपाशीच थांबलेले. म्हणून मी काही बोललो नाही.

त्यांच्या शाळेतील पंख्याखालची खुर्ची, नकाशांच्या कपाटाची किल्ली, बदली तास, असे सारे वाद माझ्याच टेबलावरून संस्थेकडे जात. सरांची तक्रार मराठीच्या शिर्के बाईंविरुद्ध होती. दहावीच्या वर्गावर सरांच्या तासानंतर बाईंचा तास असे. घंटा झाली तरी सर शिकवीतच राहत, आणि बाई डस्टरने दाराची चौकट वाजवीत.

"लिवा, पावणं," सर म्हणाले. "पोरं दाराकडं बघून हसाय लागली की मला कळतंय, बाई आली. मी काय दार अडवून बसलेली म्हस हाय?"

म्हशीऐवजी मी 'ज्येष्ठ शिक्षकाच्या प्रतिष्ठेस बाधा' असे शब्द योजले. मजकूर वाचून दाखवू का, असे मान खाली घालूनच विचारले. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले, तरी नाही. मान वर केली, तेव्हा सर माझ्या ओठांकडे पाहत होते. घंटा त्यांना ऐकूच येत नव्हती.

अर्ज दिल्यास चौकशी होईल आणि ही गोष्ट उघडी पडेल, असा मी सल्ला दिला. सर म्हणाले, "दहावी काढून घेतली, तर घरातल्या भिंतीला भूमिती शिकवू व्हय? पर रोज हसं करून घेऊन तरी किती दिस शिकवायचं? द्या अर्ज. कानाचं तेवढं तुमच्या-माझ्यात ऱ्हाऊ दे."

संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंकडे खुलासा मागितला, आणि बाईही माझ्याकडेच आल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते: घंटा होऊनही सर वर्ग सोडत नाहीत, अध्यक्षांनी स्वतः येऊन पाहावे. त्या एका वाक्याने सरांची दहावी जाणार, हे मला दिसत होते. तरीही एका पक्षकाराची गोष्ट दुसऱ्यास सांगावयाची नाही, हा माझ्या व्यवसायाचा नियम आहे. मी मजकूर टंकित करून दिला.

दुसऱ्या दिवशी बाई तोच कागद घेऊन परत आल्या. खुलासा देण्यापूर्वी सरांना एकदा तोंडावर सुनवावे, म्हणून त्यांनी शाळेच्या जिन्यात सरांना मागून हाक मारली होती. "दोन-तीनदा हाक मारली," त्या म्हणाल्या. "सर आपले उतरतच राहिले. इतके दिवस मी भांडत होते कुणाशी?"

मला हे ठाऊक होते का, असे त्यांनी विचारले. मी यंत्रात कोरा कागद चढवला. त्यांनी नवा मजकूर सांगितला: सरांचा तास वेळेवरच सुटतो, मीच उतावळी आहे.

अध्यक्षांनी बाईंना कडक समज दिली. बाईंनी ती ऐकून घेतली. त्यानंतर त्या दार वाजवीनाशा झाल्या; आत येऊन टेबलाच्या कोपऱ्यावर डस्टर आपटू लागल्या. हे माझ्या कानी आले, तेव्हा सर नवा अर्ज घालण्यास येतील, अशी माझी खात्री झाली. सर आले, हात टेकून बसले, म्हणाले, "आता तर टेबलापातूर आली की बाई." अर्ज मात्र सांगितला नाही. चहा घेऊन गेले.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. मानपत्र माझ्याच हातचे असल्याने मी समारंभास पहिल्या रांगेत होतो. सरांचे भाषण संपेना. फेटा कलला, पाहुणे घड्याळे पाहू लागले, पण थांबवायचे कोणी? अखेर शिर्के बाई उठल्या, व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी सरांपुढील टेबलाच्या कोपऱ्यावर पिशवीतला डस्टर आपटला.

सर थांबले. डावा तळहात नेहमीप्रमाणे टेबलावरच होता.

"बाई," ते म्हणाले, "मला घंटा कवापासनंच ऐकू येत न्हाय. तुमची टकटक बी न्हाय. पर टेबल हललं, की हाताला कळायचं, आपला तास सरला. म्हणून तर दहावी शेवटपातूर ऱ्हायली माझ्याकडं."

बाई वळून सरांच्या समोर आल्या, आणि त्यांना ओठ दिसतील अशा बेताने सावकाश म्हणाल्या, "बसा आता, सर." सर बसले.

हल्ली माझ्या टेबलावर कोणी हात टेकला, तर मी हटकत नाही. आधी मान वर करतो, आणि मगच बोलतो.