पेन्सिलनं लिहिलेली नावं

मेश्राम बाईंच्या हातात मी पेन कधी पाहिलं नाही. महाल भागातल्या आमच्या वाचनालयात कोणी कोणतं पुस्तक नेलं, हे त्या रजिस्टरात पेन्सिलनं लिहायच्या. पुस्तक परत आलं की वाचकाच्या डोळ्यांदेखत ती ओळ खोडरबरानं पुसायच्या आणि वर फुंकर मारायच्या. मी नवीन होतो, मला हा निव्वळ चक्रमपणा वाटला. पुसायचीच तर नोंद ठेवता कशाला, असं मी विचारलंसुद्धा.

"पुस्तक वापस आलं ना गा? मंग त्यानं काय वाचलं, आपल्याले काय करायचं?"

एकदा धरमपेठेतून एक गृहस्थ आले. मुलगी इथून काय नेते तेवढं सांगा म्हणाले. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सभासदत्वाचा फॉर्म पुढे सरकवला. "तुमी बी मेंबर व्हा. तुमचं बी कोणाले सांगणार नाही." गृहस्थ पाणी न पिताच गेले. आम्ही दिवसभर हसत होतो.

मग कार्यकारिणीनं संगणक आणला. जुन्या फॉर्मांवरून सगळ्यांची नावं, मोबाईल नंबर मीच भरले. पुस्तक नेलं की त्याच्या नावासकट त्या नंबरवर मेसेज जाणार, ही कल्पनाही माझीच. माझा सत्कार झाला. बाईंनी पडद्याकडे पाहत एवढंच विचारलं, "हे पुसता येते का?" मी हसलो. पुसायचं कशाला, बाई?

ज्योती दर बुधवारी लकडगंजातून यायची, हातात भाजीची पिशवी. तासभर बसून घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक वाचायची आणि कपाटात ठेवून निघून जायची. घरी न्यायची तिची छाती होत नव्हती. एका बुधवारी ती आली, तेव्हा शुक्रवारी तिला पहिल्यांदा वकिलाकडे जायचं होतं. बाई म्हणाल्या, "घरी ने वं. नीट वाच, लागते ते लिहून घे. इथलं कोणाले समजत नाही." तिनं भाजीखाली पुस्तक लपवलं. मी नोंद केली.

ज्योतीकडे स्वतःचा फोन नव्हता. आमच्या अर्ध्या बायकांच्या फॉर्मवर नवऱ्याचाच नंबर असतो, तिच्याही होता. मीच तो टाकला होता. डोळे उघडे ठेवून टाकला होता, आणि मला काही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा पुस्तक घेऊन आला. आवाज चढवला नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं, शेजारी फोन ठेवला, त्यावर आमचा मेसेज. "तिचं नाव काढून टाका. तिले आता वाचाले टाइम नाही."

शुक्रवारी बाई लकडगंजात जाऊन आल्या. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गावाले नेऊन घातली तिले. कोणत्या गावाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. बाई चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

"तो मेसेज वापस बोलावता येते का गा?"

"नाही, बाई. चूक माझी आहे."

"तू तं नंबर टाकला. इथलं कोणाले समजत नाही, हे मी सांगितलं होतं तिले. माह्या भरवशावर नेलं तिनं."

त्यानंतर बाई कोणाला पुस्तक सुचवेनाशा झाल्या. बुधवारी मात्र दाराकडे पाहत बसायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कार्यकारिणीनं त्यांना तहहयात सभासदत्व जाहीर केलं. मी नाव टाकायला बसलो, तर त्यांनी माझा हात धरला. "माह्यं नाव नको टाकू गा त्याच्यात." उभा जन्म पुस्तकांत काढलेली बाई पुन्हा वाचनालयाची पायरी चढली नाही. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.

मला त्यांची फार आठवण येते, आणि लाज वाटते. संगणकात बाईंचं नाव शोधलं तर काही सापडत नाही. ज्योतीचं शोधलं की सगळं येतं: पुस्तकाचं नाव, तारीख, आणि तिच्या नवऱ्याचा नंबर.