पिठलं ओकणारं भूत

काल दुपारी भाचीने मला एका सिनेमाला नेलं. मंगल कार्यालयाचा हॉल, भिंतीला पांढरी चादर, आणि तिच्यावर एक भूत गात होतं. गाता गाता ओकत होतं. ते पातळ पिठलं आहे हे सरळ दिसत होतं, त्यातली कोथिंबीरसुद्धा. तरी मी नाक मुरडलं. त्याच्यासोबत गाणाऱ्या नायिकेने ते बोटाने चाटलं आणि दुसरं कडवं सुरू केलं.

लोक मात्र खूश. कितीतरी जण हाच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायला आलेले. कडवं संपलं की टाळ्यांऐवजी अख्ख्या हॉलने एका सुरात ‘शीऽऽ’ म्हणायचं, ही इथली रीत. चांगली शिकलीसवरलेली माणसं, आणि तिकीट काढून किळस करून घ्यायला येतात! मी तोंडाला रुमाल लावला.

शेजारच्या बाई हसून हसून डोळे पुसत होत्या.

“कसं बघवतं हो तुम्हाला?” मी विचारलं.

“घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्यात,” त्या म्हणाल्या. “त्यांचं सगळं मीच काढते. तिथे जरा नाक मुरडलं तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. इथे काय, पिठलंच तर आहे.”

माझी किळस तसूभरही कमी झाली नाही. पण ती तोंडावर दाखवायची मुभा मला आहे, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

कडवं संपलं आणि भूत पुन्हा ओकायला वाकलं. सगळा हॉल ‘शीऽऽ’ म्हणाला. मीही म्हणालो, अगदी मनापासून. सगळे थांबले, तरी शेजारच्या बाईंची ‘शी’ चालूच होती.