हवालदारांचा फळा

उद्या हवा कशी राहील, असं विचारलं की हवालदार आधी आपल्याकडे पाठ करायचे. पश्चिमेला तोंड करून, हात मागे बांधून, पान चघळून होईल इतका वेळ उभे राहायचे. मग वळून एकच वाक्य बोलायचे. बरेचदा ते वाक्य असायचं, "ठावं न्हाई."

तुमच्यापैकी जे पाखरं नि फुलं बघायला माळरानं तुडवतात, त्यांना या दोन शब्दांची किंमत कळेल. दुसरं महायुद्ध चालू होतं. वर्तमानपत्रांतून हवेचा अंदाज येईनासा झाला होता, आणि पूर्वी यायचा तोही साताऱ्यात पोचेपर्यंत शिळा झालेला असे. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. आम्ही तीन-चार हौशी मंडळी दर रविवारी वरच्या पठारावर जायचो. कळत नसताना कळत नाही म्हणणारा माणूस मला त्या गावात एकच भेटला. म्हणून ते "कोरडं" म्हणाले की आम्ही छत्र्या घरी ठेवायचो.

पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला जाऊन आले होते. आता घाटाच्या पायथ्याला दोन म्हशी नि धाकटा भाऊ गणू यांच्याबरोबर राहत. बाजेची सुतळी किती ताणली, समोरचा डोंगर किती जवळ आल्यासारखा दिसतो, पाकोळ्या किती खालून उडतात, असलं काही काही ते बघत. खुलासा विचारला तर म्हणत, "मास्तर, म्हशीला दूध कसं येतं ते इचारता का? दूध प्या."

आमच्या मंडळींचे पुढारी एक वकीलसाहेब होते. शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. त्यांच्या दिवाणखान्यात हवेचा दाब मोजायचं पितळी यंत्र होतं, विलायती. त्याच्या काचेवर नखानं टकटक करून ते हवा सांगायचे. हवालदारांना ते 'आमचे देशी यंत्र' म्हणायचे आणि हसायचे. हवालदार हसायचे नाहीत.

भाद्रपदातला एक रविवार होता. पठार फुलांनी भरलं होतं. निघताना हवालदारांनी बराच वेळ पाठ केली आणि म्हणाले, "आज जाऊ नगा. जायचंच आसंल तर दुपारच्या आत वढा वलांडून माघारी या."

वकीलसाहेब म्हणाले, "काटा वर आहे, म्हणजे कोरडं. चला."

वाट दाखवायला नेहमीप्रमाणे गणू बरोबर होता. तिशीचा गडी, कुठल्या करवंदीच्या जाळीत कुठलं घरटं आहे ते त्याला पाठ. दुपारी तो दोनदा म्हणाला, "साहेब, फिरूया." वकीलसाहेबांना गरुडांची एक जोडी बघायची होती. चारच्या सुमाराला आभाळ फुटलं. ओढ्याशी आलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. गणूनं आम्हा तिघांना एकेक करून हाताला धरून पलीकडे आणलं. तेव्हा वकीलसाहेबांच्या लक्षात आलं की दुर्बीण मागच्या काठावरच्या खडकावर राहिली.

"जा रे, तेवढी घेऊन ये," ते म्हणाले.

गणू गेला. दुर्बीण गळ्यात अडकवून परत निघाला आणि मध्यावर त्याचा पाय सुटला. तो दुसऱ्या दिवशी अर्ध्या मैलावर सापडला. दुर्बीण गळ्यातच होती.

पोलीसपाटलानं जबाब मागितला. माझं अक्षर चांगलं म्हणून कागद माझ्यापुढे आला आणि वकीलसाहेब सांगू लागले. 'हवालदाराने आभाळ कोरडे राहील असे खात्रीने सांगितल्यावरून आम्ही निघालो.' माझा हात थांबला. वकीलसाहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी लिहिलं. दुर्बिणीबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. खाली तिघांच्या सह्या झाल्या.

गणूची बायको कुंडल गावची. तिला तो कागद कुणीतरी वाचून दाखवला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोन पोरांना घेऊन माहेरी गेली. जाताना थोरल्या दिराला म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून त्ये गेले. पुन्यांदा मला त्वांड दावू नगा."

महिन्याभरानं ते माझ्या दारात आले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यावर हात टाकणार. ते ओट्यावर बसले.

"मास्तर, मला लिवता येत न्हाई. तुमचं अक्षर लय चांगलं हाय म्हनत्यात."

मी मान खाली घातली.

"घरात कुऱ्हाड हाय. पर कुऱ्हाडीनं मानूस एकदाच मरतो. मला त्या वकिलाला रोज मारायचा हाय. तुमी लिवायचं."

बाजारपेठेत अत्तार म्हणून एक किराणा दुकानदार होते. हवालदारांनी त्यांच्या ओट्यावर शाळेतला एक मोडका फळा आणून टेकवला. वकीलसाहेब रोज संध्याकाळी वाचनालयात आपला अंदाज मोठ्या आवाजात सांगत, गावाला तो आपोआप कळे. हवालदार सकाळी सातला यायचे, पाठ करून उभे राहायचे, वळायचे आणि सांगायचे. मी लिहायचो. वर 'हवालदार – दुपारी पाऊस.' खाली 'वकीलसाहेब – कोरडे.' दुसऱ्या दिवशी ज्याचं चुकलं त्याच्यापुढे फुली. 'ठावं न्हाई' असेल त्या दिवशी तेही जसंच्या तसं.

दुसरं काही नाही. एक शिवी नाही, एक आरोप नाही.

पहिले आठ दिवस लोक हसले. मग सकाळी थांबून वाचू लागले. उन्हाळ्यात हळद वाळवणारे, लग्नाचा मांडव घालणारे, सगळे फळा बघून बेत ठरवू लागले. पावसाळा लागला तशा फुल्या वाढल्या. कोर्टातले पट्टेवाले वकीलसाहेबांना अदबीनं विचारायचे, "साहेब, आज काटा कुठं हाय?" वकीलसाहेबांनी वाचनालयात बोलणं बंद केलं. तेव्हा हवालदार मला म्हणाले, "लिवा, वकीलसाहेब – गप."

एक दिवस वकीलसाहेब स्वतः आले आणि फळा काढायला सांगू लागले. अत्तार तराजू पुसत म्हणाले, "साहेब, भिंत माझी, फळा हवालदारांचा. खडू तेवढा मास्तरांचा आहे. त्यांना विचारा."

माझ्याकडे बघून वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, नोकरी करायची आहे ना?"

हवालदार जवळच उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्या क्षणी मला कळलं, की वर्षभर फुल्या आम्हा दोघांच्या नावावर पडत होत्या. वकीलसाहेबांच्या दिसत होत्या, माझ्या दिसत नव्हत्या एवढंच.

दुसऱ्या सकाळी मी हवालदारांच्या आधी गेलो. फळा पुसला आणि लिहिलं, 'त्या रविवारी हवालदारांनी जाऊ नका असे सांगितले होते. गणूला वकीलसाहेबांनी दुर्बिणीसाठी पाण्यात परत पाठवले. जबाब खोटा आहे. तो मी लिहिला.' खाली पूर्ण नाव घातलं. बाजार जमला. अत्तारांनी ते हवालदारांना दोनदा वाचून दाखवलं.

आठ दिवसांत माझी नोकरी गेली. वकीलसाहेब कोर्टाच्या आवारात आले की बोलणी थांबू लागली. पुढे त्यांनी ते पितळी यंत्र भिंतीवरून उतरवल्याचंही ऐकलं. मला सांगलीच्या एका शाळेत जागा मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी हवालदारांकडे गेलो. ते म्हशींना वैरण टाकत होते.

"चूक झाली माझी, हवालदार."

"व्हय, झाली," ते म्हणाले. "म्या माफ केलं न्हाई, मास्तर. करनारबी न्हाई. पर येक काम करा. सांगलीला जाताय, तर आधी कुंडलला जावा. तिला वाचता येत न्हाई. तुमच्या तोंडानं सांगा."

मी हो म्हटलं. मग त्यांनी पाठ केली आणि उभे राहिले.

"कुंडलला पोचस्तवर पाऊस न्हाई," ते म्हणाले. "म्होरचं तुमचं तुमी बघा."

हवालदार मला पुन्हा दिसले नाहीत. दोन वर्षांनी ते गेल्याचं अत्तारांच्या पत्रावरून कळलं.

सातारा सोडला त्या दिवशी मी दुपारी कुंडलला पोचलो. गणूची बायको दारात ज्वारी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, मग सगळं सांगितलं, काही न गाळता. तिनं सूप खाली ठेवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर एवढंच विचारलं, "मग तवाच का न्हाई सांगितलं?"

टपोरे थेंब पडू लागले. तिनं ज्वारीचं सूप छातीशी धरलं, पोरांना आत घेतलं आणि दाराला कडी घातली. मी भिजत छपराच्या पावळणीखाली उभा राहिलो.